पेलाभर पाण्याची परीक्षा

सुईबाईच्या सायकलची घंटी वाजली की गल्लीतली पुरुषमाणसंसुद्धा बाह्या खाली ओढतात, असं शेजारी म्हणत. समोरच्या शिंपिणीचं मत असं की, या बाईचे पाय जमिनीला लागले की तिला घेरी येत असावी. नाहीतर कोपऱ्यावरून मीठ आणायला कुणी सायकल काढतं का? आणि खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त कारकून, ज्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं पण ते कुणी विचारत नव्हतं, सांगत, की हिने नवऱ्याचा शब्द कधी उचलून धरला नाही, सायकल मात्र रोज तीन जिने उचलून चढवते. यातल्या कुठल्याच बोलण्यात विष नव्हतं. कारण बोलणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी तिच्यापुढे हात लांब केलेला होता.

रक्ततपासणीच्या एका प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं काम करत होती. ज्यांना घरातून हलणं जमत नाही त्यांच्याकडे जायचं, रक्त काढायचं आणि नळ्या तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोचवायच्या, हे तिचं काम. सायकलच्या पुढच्या टोपलीत बर्फाच्या पिशव्यांनी गार ठेवलेला पांढरा डबा, त्यात कवायतीला उभ्या केल्यासारख्या ताठ नळ्या, आणि खांद्याला कापूस, सुया, पट्ट्या यांची पिशवी. सकाळी दहाच्या आत चौदा घरं. ती बुटकी होती, अंगाने आटोपशीर होती, आणि तिच्या बोलण्यात लाडीगोडी नव्हती. “मुंगी चावल्यासारखं वाटेल” वगैरे ती कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, “टोचते. दुखेल. झालं.” आणि तिसरा शब्द कानावर पडेपर्यंत सुई खरोखरच बाहेर आलेली असे. चढावरच्या गल्लीत, अठ्ठावीस पायऱ्यांवर राहणाऱ्या म्हाताऱ्या धोबिणीची शीर सुतासारखी होती आणि हात लावला की पळायची. दवाखान्यातल्या तिघांनी ती शोधून हात टेकले होते. सुईबाईला ती पहिल्याच वेळी सापडली. तेव्हापासून धोबीण दुसऱ्या कुणाला दंडाला हात लावू देत नसे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नगरपालिकेला सौंदर्यदृष्टी आली. चढावरच्या गल्लीतला जुना गुळगुळीत रस्ता उखडून तिथे दगडी चौकोन बसवण्यात आले. रस्ता दिसायला देखणा झाला, लोक उभे राहून त्याचे फोटो काढू लागले. सायकलवरून जाणाऱ्याचे मात्र दात वाजू लागले. दातांचं सुईबाईला काही नव्हतं. पण रक्त हा पदार्थ नाजूक. ते फार हिंदकळलं तर त्यातल्या पेशी फुटतात, आणि मग तपासणीत भलतेच आकडे येतात. तसे ते आले. एका निवृत्त रेल्वे गार्डच्या रक्तात पोटॅशियम इतकं निघालं की त्या आकड्यावर माणूस चालताबोलता राहूच नये. गार्डला तातडीने दवाखान्यात नेलं, दोन दिवस तारांनी जखडून ठेवलं आणि अखेर धडधाकट म्हणून घरी पाठवलं. गार्ड माणूस दिलदार. त्याने निरोप धाडला, की बाई, रूळ मोकळा असताना मला लाल झेंडा दाखवलात. सगळे हसले. ती हसली नाही.

पंधरा दिवसांत आणखी एक नमुना फुटला. प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी तिला आत बोलावून घेतलं. डॉक्टर शिस्तीच्या होत्या, पण वाईट मनाच्या मुळीच नव्हत्या. पण खोटा अहवाल हे त्यांच्या लेखी पाप होतं, आणि ते तिच्याही लेखी होतं, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. त्यांनी सांगितलं, की पुढच्या एक तारखेपासून नमुने मोटारीने येतील. मोटार जिथवर जाईल तिथवरच्यांची सोय होईल, बाकीच्यांनी इथे यावं, आणि तिने काउंटरवर आरामात बसून त्यांचं रक्त काढावं. ‘आरामात’ हा शब्द तिला सुईपेक्षा खोल लागला. अठ्ठावीस पायऱ्यांवरची धोबीण काउंटरपर्यंत कशी येणार, असं तिने विचारलं. डॉक्टरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. ते आधीच सारखे होते.

घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही. काचेचा एक पेला बोटभर कमी पाण्याने भरला, टोपलीतल्या डब्यात बसवला, आणि दगडी रस्त्यावरून एक फेरी मारून आली. पेल्यात पाणी निम्मं उरलं होतं. तिचा नवरा छापखान्यात पुस्तकांची बांधणी करायचा. कमी बोलायचा, आणि बोलायचा तेही बांधणीच्याच भाषेत. त्याने टोपली हलवून पाहिली आणि सांगितलं, की शिवण चुकीच्या जागी आहे. टोपली टांगलीय हँडलला. चाक उडालं की हँडल उडतं आणि हँडल उडालं की टोपली; मग पानं सुटणारच. दुसऱ्या दिवशी त्याने छापखान्यातून एक पत्रक आणलं. शहरात सायकलींचं मोठं व्यापारी प्रदर्शन भरणार होतं. देशोदेशींचे कारखानदार येणार होते. महिना संपायला नऊ दिवस होते.

तिच्यासोबत नणंद निघाली. नणंद तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेली. तिला सायकल चालवता येत नव्हती, पण सायकलीविषयी बोलता भरपूर येत होतं. प्रदर्शनाचा अर्ज भरायचं कामही तिनेच अंगावर घेतलं, कारण कोरा अर्ज दिसला की तिचा हात शिवशिवत असे. अर्जात विचारलं होतं, आपण कोण? कारखानदार, दुकानदार, शर्यतपटू, पत्रकार, वैद्यकीय पथक. नुसती सायकल चालवणारी बाई, असा रकाना नव्हता. तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला रकाना रिकामा सोडणं म्हणजे जेवायच्या पानावरून अर्धपोटी उठणं. प्रयोगशाळेत काम करते, सुया बाळगते, मग वैद्यकीय नाही तर काय, असा विचार करून नणंदेने शेवटच्या चौकटीत ठसठशीत खूण केली.

त्याचा परिणाम दारातच दिसला. बाकीच्यांच्या गळ्यात पुठ्ठ्याची ओळखपत्रं पडली. या दोघींच्या दंडावर पांढऱ्या फुलीची हिरवी पट्टी बांधण्यात आली आणि एका घाईतल्या माणसाने सुईबाईला सांगितलं, की बरं झालं आलात, आमचं पथक अजून पोचलेलंच नाही. तिने खुलासा करायला तोंड उघडलं तोवर तो निघूनही गेला होता.

आतलं दालन एवढं प्रचंड होतं, की दुसऱ्या टोकाची माणसं बोटाएवढी दिसत होती. छताला सायकली वटवाघळांसारख्या उलट्या लोंबत होत्या. जो तो विक्रेता सायकल एका बोटावर उचलून दाखवत होता आणि ती किती ग्रॅमची आहे ते सांगत होता. एकाने आपल्या सायकलची चौकट सातशे ग्रॅमची असल्याचं सांगितलं. आपलं कुलूप त्याहून जड आहे, हे तिने त्याला सांगितलं नाही. बिचाऱ्याचा हिरमोड झाला असता. पण एकाही सायकलला चिखल अडवणारं मडगार्ड नव्हतं, उभं करायला घोडी नव्हती, घंटी तर नव्हतीच. या सायकली जाणार कुठे आणि थांबणार कशा, असं तिने एकाला विचारलं. तो म्हणाला, की या थांबण्यासाठी नाहीतच.

एका मोठ्या कंपनीच्या मांडवात ‘तिच्यासाठी’ अशी पाटी होती आणि पाटीखाली सगळ्या सायकली फिकट जांभळ्या होत्या. तिथे टोपल्या होत्या, सुबक विणलेल्या. मांडवालगत लाकडी फळ्यांचा चाचणीरस्ता होता आणि त्यात डोंगरी सायकलवाल्यांसाठी खडबडीत तुकडा मुद्दाम केलेला होता. तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेला पेला काढला, पाण्याने भरला, टोपलीत डब्याच्या जागी रुमाल खोचून उभा केला आणि खडबडीत तुकड्यावरून सायकल नेली. परत आली तेव्हा पेल्यात तळाला पाणी होतं आणि टोपलीखालून धार लागली होती. टापटीप विक्रेता अवघडून म्हणाला, “बाई, ती टोपली फुलं ठेवायला आहे.”

“फुलं हिंदकळली तर कुणी दवाखान्यात जात नाही,” ती म्हणाली आणि पेला पुसला.

दुपारपर्यंत तिने सात सायकली अशा पाण्याने तपासल्या. हातात पेला, दंडावर फुली आणि चेहऱ्यावर एक रेष हलत नाही, असं हे ध्यान पाहून विक्रेते एकमेकांना खुणा करू लागले. अधूनमधून माणसं तिला गाठत होती. कुणाला नव्या बुटांचा फोड आला होता, कुणाचं डोकं चढलं होतं, एका शर्यतपटूला नुसतंच कुणीतरी आपली नाडी पाहावी असं वाटत होतं. ती घुश्शात पट्ट्या चिकटवत होती. नणंदेला मात्र कचेरी परत मिळाली होती. तिने लोकांना रांगेत उभं केलं, पुढे घुसणाऱ्या एका कारखानदाराला मागे धाडलं आणि प्रत्येकाकडून त्याच्या कंपनीची एक फुकट पिशवी घेतल्याशिवाय पट्टी मिळू दिली नाही.

तीनच्या सुमाराला सुईबाई एका बाकावर बसली. एकोणीस वर्षं सायकल चालवलेल्या पायांना चालण्याची सवय नव्हती. ते सुजून आले होते. सात सायकलींपैकी सर्वांत बऱ्या सायकलवरही तीन बोटं पाणी सांडलं होतं. आपण काउंटरवर बसलो आहोत, समोर माणसं येताहेत, चालत येऊ शकणारी, ठणठणीत शिरांची माणसं, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्या चित्रात धोबीण कुठेच नव्हती. नणंद शेजारी पिशव्या पिशव्यांत घालत होती. ती न बघताच म्हणाली, “काउंटर काही वाईट नसतो गं. मी तीस वर्षं बसले.”

“तुम्हाला कुणी अठ्ठावीस पायऱ्यांवर वाट बघत नव्हतं, ताई.”

नणंदेने पिशव्यांचा गठ्ठा तिच्या सुजल्या पायांखाली सरकवला.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर पुकारा झाला, की वैद्यकीय पथकाने कृपया शेवटच्या गाळ्याशी यावं. तो गाळा स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून होता, जिथे माणसं येत ती सायकली बघायला नव्हे. तिथे करड्या मिशांचा एक आडदांड वेल्डर स्टुलावर बसला होता. ब्रेकच्या तुटक्या तारेने त्याचा अंगठा चांगलाच फाडला होता. एवढा दांडगा गडी, पण तिने पिशवी उघडताच त्याने मान वळवली आणि सुई असेल तर आधी सांगा, अशी विनवणी केली. सुई नव्हती. तिने जखम धुतली, दाबून धरली, आणि दाबून धरता धरता तिची नजर त्याच्यामागे गेली.

मागे एक सायकल उभी होती. ठेंगणी, दणकट आणि कुरूप. कुणी एका बोटावर उचलायला गेलं असतं तर बोट गमावलं असतं. पाववाल्यांसाठी आणि भाजीवाल्यांसाठी तो त्या बनवत होता. पण तिची पुढची जाळी हँडलला टांगलेली नव्हती. लोखंडी बाहूंनी थेट चौकटीला धरलेली होती. हँडल वळलं तरी जाळी जागची हलत नव्हती. तिने अंगठ्याला शेवटचा वेढा घातला, गाठ मारली आणि सायकल मागितली. पेला भरला, चाचणीरस्त्यावर गेली आणि आली.

एक बोट पाणी सांडलं होतं. वेल्डरच्या मते एक बोट म्हणजे काहीच नव्हे. तिने त्याला गार्डची सगळी हकिकत सांगितली. ती ऐकून तो गंभीर झाला आणि त्याच्या धंद्यात जे करतात ते त्याने केलं: पाना घेतला आणि जाळीचे सगळे बोल्ट आणखी आवळले. त्याची निष्ठा अशी, की हललं म्हणजे चुकलं. ती पुन्हा फेरी मारून आली, तर पाणी दोन बोटं सांडलेलं. त्याने आणखी आवळले, आणखी सांडलं. लोखंड जितकं घट्ट होई तितका रस्ता जसाच्या तसा पेल्यापर्यंत येई. वेल्डर मिशी चावू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला घट्ट बसवल्याची शिक्षा होत होती.

सुईबाई पेल्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांत तिच्या हाताने रोज केलेली एक गोष्ट अशी, की रक्त काढण्याआधी दंडाला रबराचा पट्टा बांधायचा, तो इतका, की धरेल पण आवळणार नाही. कमी झाला तर शीर वर येत नाही, जास्त झाला तर हात काळानिळा पडतो. ते मोजमाप पुस्तकात नसतं, बोटांत असतं. तिने पिशवीत हात घातला आणि चार पट्टे बाहेर काढले. नणंद ओरडली, की अगं, ते रोग्यांचे आहेत. ही मान वर न करता जाळीच्या चार कोपऱ्यांना पट्टे बांधत होती. त्यांच्या मध्यावर तिने वेल्डरचा खिळ्यांचा रिकामा डबा अधांतरी टांगला आणि त्यात पेला ठेवला. मग दोन पट्टे अर्धं बोट सैल केले, एक अर्धं बोट ताणला. वेल्डर नुसता बघत होता. कामाची माणसं काम करणाऱ्याला सल्ला देत नाहीत.

या वेळी ती खडबडीत तुकड्यावरून तीनदा गेली. जाळी थरथरत होती, डबा मात्र पाळण्यातल्या मुलासारखा आपल्या जागी डुलत होता. परत आली तेव्हा पेल्याची बाहेरची बाजू कोरडी होती. वेल्डरने त्यात बोट फिरवून पाहिलं, मग स्वतः सायकलवर बसून, बांधलेला अंगठा झेंड्यासारखा वर धरून, एक फेरी मारली. उतरून त्याने पाना पेटीत टाकला. मग म्हणाला, “मी उगाच इतकी वर्षं आवळत बसलो.”

पुढचा व्यवहार झटपट झाला. जाळी ती घेणार, पट्ट्यांची युक्ती तो घेणार, फिट्टंफाट. नव्या सायकलची तिला गरजच नव्हती. बाहेर उभी असलेली तिची जुनी सायकल त्याने उलटी करून पाहिली, चौकटीवर दोनदा टिचकी मारली आणि ही अजून तुम्हाला पुरून उरेल, असा निर्वाळा दिला. टांगती टोपली काढून त्याने प्रदर्शनाच्या आवारातच जाळी बसवून दिली. बघायला पंधरा-वीस जण गोळा झाले. ‘तिच्यासाठी’वाला विक्रेताही मागच्या रांगेत टाचा उंचावून उभा होता. नणंद सत्तावीस पिशव्या घेऊन बसने घरी गेली.

पण पाणी म्हणजे रक्त नव्हे, हे डॉक्टर म्हणायच्या आधी सुईबाईलाच ठाऊक होतं. म्हणून सोमवारी सकाळी तिने नणंदेच्या एकाच दंडातून दोन नळ्या भरल्या. नणंदेने त्याआधी आपल्या कुळात कुणालाच रक्त जास्त नसल्याचं ऐकवून पाहिलं, पण तिसरा शब्द येईपर्यंत सुई बाहेर आली होती. एक नळी नणंदेने हातात धरून, रस्ताभर कुरकुरत, पायी प्रयोगशाळेत नेली. दुसरी सुईबाईने चार पट्ट्यांवर झुलत्या डब्यात ठेवली, दगडी रस्त्यावरून दोनदा वरखाली केली आणि मग नेली. डॉक्टरांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडे दशांशापर्यंत सारखे होते. एकदा जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, असं त्या म्हणाल्या. आणि ते योग्यच होतं. मंगळवारी नवऱ्याचा दंड लागला, बुधवारी गार्डने आपण होऊन हात पुढे केला. तिन्ही दिवस आकडे जुळले. गार्डचं पोटॅशियम तर एखाद्या तरुणाला शोभेल असं निघालं.

गुरुवारी पावणेआठला ती पिशवी भरून निघण्याच्या बेतात असताना डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. त्यांनी जाळीवर हात ठेवून पाहिला, एक पट्टा ताणून सोडला. मग सांगितलं, की मोटारीचं रद्द केलं आहे, फेऱ्या पूर्वीसारख्याच चालू राहू देत; मात्र महिन्यातून एकदा असा जोडनमुना तपासायचा. तिने मान हलवली आणि टाच मारून घोडी वर केली. डॉक्टर आत जायला वळल्या, पण उंबऱ्यात थांबल्या. काउंटरसाठी तिच्या बुटक्या उंचीला साजेल अशी, पाय टेकायला आडवी दांडी असलेली खुर्ची त्यांनी आधीच मागवून ठेवली होती, आणि ती कालच येऊन पडली होती. आता त्या खुर्चीचं काय करू, असं त्यांनी काहीशा अपराधी स्वरात विचारलं.

तिने सायकलवर टांग टाकली.

“तुम्ही बसा, डॉक्टर. मला चौदा घरं आहेत.”